ब्रेकचा लायनर आणि त्याची धूळ



उसाची भरलेली ट्रॉली उतारावरून आणताना सारी भिस्त ट्रॅक्टरच्या ब्रेकवर असते. आणि ब्रेकची भिस्त असते त्यातल्या लायनरवर. हा लायनर ना लोखंडाचा, ना रबराचा. गिलाव्याच्या मातीत आपण काड कालवतो, म्हणजे ती भेगाळत नाही. लायनरमध्ये मातीच्या जागी राळ आणि काडाच्या जागी तंतू असतात. नुसती राळ घासली तर तिचे तुकडे पडतील. तंतू तिला धरून ठेवतात. इंग्लंडात हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ साली असे ठोकळे करायला सुरुवात केली, ती घोडागाड्यांसाठी! तेव्हा त्यांत सुती पट्टा असे. पुढे न जळणारा म्हणून अ‍ॅस्बेस्टॉस हा खनिज तंतू आला.

लायनर झिजायलाच हवा. तो झिजतो म्हणून ड्रम वाचतो. मात्र सावकाश झिजावा. राळेचे वैर उष्णतेशी. उतारभर ब्रेक दाबून धरला की लायनर तापतो, ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास राळ जळू लागते, पकड सुटते आणि मोकळे झालेले तंतू भराभर निघून जातात. म्हणून उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका. करपल्याचा वास आला तर थांबा, चाकांना दगड लावा, निवू द्या. तापल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तो तडकतो. क्लच प्लेटही याच जातीची. क्लचवर पाय ठेवून हाकणारा ती अशीच जाळतो.

आता धुळीविषयी. हे घरातल्या भगिनींनीही वाचावे. ड्रम उघडला की फुंकर मारायची किंवा हवेचा पाइप लावायचा, ही आपल्याकडची खोड फार वाईट. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस आहे की नाही, ते नजरेने कळत नाही. त्याची धूळ फुप्फुसात रुतून बसते आणि वीस-तीस वर्षांनीही कर्करोग होऊ शकतो. धूळ ओल्या फडक्याने टिपा, फडके ओलेच पिशवीत बांधून टाका. त्या वेळचे कपडे घरात झटकू नका. वेगळे भिजवून धुवा. पोरांना जवळ उभे करू नका. नवा लायनर घेताना अ‍ॅस्बेस्टॉस नसलेला मागा. काचेच्या किंवा अ‍ॅरामिडच्या तंतूंचे मिळतात.

तेल प्यालेला लायनर डिझेलने धुऊन पुन्हा बसवू नका, तेल आत मुरलेले असते. आधी गळके सील बदला, मग दोन्ही चाकांचे लायनर जोडीने घाला. एकाच बाजूचा घातला तर ब्रेक दाबताच ट्रॅक्टर एका अंगाला ओढतो.