सर्व्हर गेले, सांभाळणारेही गेले

२०२५ च्या दिवाळीत, २० ऑक्टोबरला आपल्याकडे दुपार असताना, अमेरिकेतल्या उत्तर व्हर्जिनियात ॲमेझॉनच्या यंत्रणेतली एक नोंद रिकामी झाली. डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेचा पत्ता सांगणारी ती डीएनएसची नोंद. ती सांभाळणाऱ्या दोन स्वयंचलित प्रक्रिया एकमेकींच्या आड आल्या, पत्ताच पुसला गेला आणि जगभरच्या असंख्य कंपन्यांचं काम अडलं. सगळं सुरळीत व्हायला जवळपास पंधरा तास लागले. त्या दिवशी पिंपरी-चिंचवडच्या जुन्या ओळखीच्या उद्योजकांचे मला फोन आले. प्रत्येकाचा प्रश्न एकच होता : "साहेब, आता कुणाला फोन करायचा?" मला ते लागलं. पंधरा वर्षांपूर्वी हा प्रश्न एकाही कारखान्यात पडला नसता.

मार्च २०२६ मध्ये ॲमेझॉनच्या एस-थ्री या साठवण सेवेला वीस वर्षं झाली. क्लाउडचा धंदा खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाला. त्यातली पहिली चार-पाच वर्षं मी झटकन ओलांडतो. ऑगस्ट २००६ मध्ये तासाच्या भाड्याने सर्व्हर देणारी ईसी-टू आली, अमेरिकेतल्या नवउद्योगांनी ती उचलली, आणि भोसरी-चाकणला त्याचा पत्ताही नव्हता. आमच्याकडे तेव्हा विषय होता भारनियमनाचा.

त्यानंतरचं दशक मात्र मी कारखान्यांचे संगणक सांभाळत काढलं. दहा बाय दहाची खोली, चोवीस तास चालणारा एसी, यूपीएसच्या बॅटऱ्या आणि रॅकमध्ये दोन सर्व्हर. टॅली, ईआरपी, गिऱ्हाइकांची ड्रॉइंग सगळं त्यावर. रोज रात्री टेपवर बॅकअप व्हायचा, प्रत्येक टेपवर वाराचं नाव असायचं आणि आठवड्याची टेप मालकांच्या घरी जायची. गुरुवारी औद्योगिक सुट्टी. त्या दिवशी जनरेटर लावून एखादी जुनी टेप चढवायची आणि फाइली खरोखर परत येतात का ते बघायचं, असा आमचा शिरस्ता होता.

ती व्यवस्था उत्तम होती असं मी म्हणणार नाही. हार्ड डिस्क जायच्या, एसी बंद पडून सर्व्हर तापायचे. २६ जुलै २००५ च्या पुरात मुंबईतल्या तळमजल्यावरच्या कार्यालयांचं काय झालं ते आम्ही पाहिलं होतं. पण बिघाड झाला की कुणाला बोलवायचं, हे शिपायापासून मालकापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. तो माणूस रात्री दोनला यायचा आणि काम होईपर्यंत जायचा नाही.

सप्टेंबर २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुणे, मुंबई आणि चेन्नईतून क्लाउड सेवा सुरू केली. जून २०१६ मध्ये ॲमेझॉन मुंबईत आली, पुढच्या वर्षी गूगल. त्यांच्या पाठोपाठ विक्रेते आणि सल्लागार एमआयडीसीच्या गल्ल्यांतून फिरू लागले. यंत्रांविषयी ते जे सांगत ते खरं होतं. एस-थ्रीत फाइल गहाळ होण्याची शक्यता नगण्य, वीज आणि थंडावा यांची सोय कोणत्याही कारखान्याच्या आवाक्याबाहेरची. पण पुढचं वाक्य खोटं होतं : "आता बॅकअपची चिंता नको, आणि तो माणूसही नको." हे वाक्य मी कितीतरी बैठकांत समोर बसून ऐकलं आहे. त्याचा राग अजून गेलेला नाही.

कारण करारात तेव्हाही स्वच्छ लिहिलेलं होतं. इमारत, वीज, डिस्क आणि नेटवर्क कंपनीचं. पासवर्ड, परवानग्या आणि डेटा गिऱ्हाइकाचा. ते पान विक्रेत्याने कधी उघडलं नाही. ९९.९ टक्के उपलब्धतेची हमी म्हणजे महिन्याला सुमारे ४३ मिनिटं सेवा बंद राहिली तरी हमी शाबूत, हा हिशेब कुणी मांडला नाही. हमी मोडली तर मिळतो तो पुढच्या बिलातला काही टक्क्यांचा परतावा. थांबलेल्या लाइनचं आणि चुकलेल्या डिस्पॅचचं नुकसान त्यात कुठेच नाही.

इशारे मिळत नव्हते असंही नाही. जून २०१४ मध्ये 'कोड स्पेसेस' या कंपनीच्या ॲमेझॉन खात्यात हल्लेखोर शिरला, त्याने खंडणी मागितली आणि मग डेटा पुसला. बॅकअप होते, पण त्यांतलेही बहुतेक हल्लेखोराच्या हाताला लागले. काही तासांत कंपनी संपली. २८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनच्या एका अभियंत्याने आज्ञा देताना चूक केली, ठरल्यापेक्षा जास्त सर्व्हर काढले गेले आणि व्हर्जिनियातली एस-थ्री सुमारे चार तास कोलमडली. 'सेवा बंद आहे' असं सांगणारा कंपनीचा फलकही एस-थ्रीवरच विसंबून होता, म्हणून तोही बदलता येईना. २०१९ मध्ये कॅपिटल वन बँकेच्या सुमारे १० कोटी ६० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. तिथे क्लाउडची यंत्रं शाबूत होती. बँकेच्या फायरवॉलची मांडणी चुकीची होती. पुढच्या वर्षी ८ कोटी डॉलरचा दंड भरला तो बँकेने.

त्याच सुमारास मला ओळखीच्या एका कारखान्यात बोलावणं आलं. डिझाइन विभागातला मुलगा नोकरी सोडून गेला होता. लायसन्सचे पैसे वाचावेत म्हणून त्याचं खातं काढून टाकलं होतं आणि परत मिळवण्याची मुदत उलटून गेली होती. त्याच्या खात्यातली ड्रॉइंग गेली. सेवा विकणाऱ्याने उत्तर दिलं, "नियमाप्रमाणे झालं आहे." नियमाप्रमाणेच झालं होतं. तो नियम कारखान्यात कुणालाच माहीत नव्हता, कारण तो माहीत असणं हे ज्याचं काम होतं त्याला आदल्या वर्षी घरी पाठवलं होतं. अशी कितीतरी माणसं त्या दशकात गेली. बॅकअप घेणारी सॉफ्टवेअरं भरपूर आली, पण परत आणून बघण्याची सवय त्या माणसांबरोबर गेली, आणि मला सर्वांत जास्त दुःख तिचं आहे.

पुढची वर्षं त्याची किंमत मोजण्यात चालली आहेत. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएचचं डेटा सेंटर जळालं आणि दुसरीकडे प्रत न ठेवलेल्यांचा डेटा कायमचा गेला. मे २०२४ मध्ये गूगल क्लाउडवरच्या चुकीच्या मांडणीमुळे ऑस्ट्रेलियाच्या 'युनिसुपर' या निवृत्तिवेतन निधीची महत्त्वाची यंत्रणा पुसली गेली. त्यांच्या तंत्रज्ञांनी दुसऱ्या कंपनीकडेही ठेवलेल्या बॅकअपचा ती पुन्हा उभी करायला मोठा उपयोग झाला. जुलै २०२४ च्या अखेरीस 'सी-एज' या सेवा पुरवणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, तेव्हा आपल्याकडच्या सुमारे ३०० छोट्या बँकांचा पैसे देण्याघेण्याच्या जाळ्याशी संबंध तोडावा लागला. गावातल्या खातेदाराने ज्या कंपनीचं नावही ऐकलं नव्हतं, तिच्यामुळे त्याचं यूपीआय थांबलं. जुलै २०२५ मध्ये युरोपीय निर्बंधांमुळे मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जीच्या ईमेल आणि इतर सेवा बंद केल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तेव्हा कुठे सेवा परत आली. यात यंत्र बिघडलंच नव्हतं. तेलशुद्धीकरण कारखाना चालवणारी कंपनी न्यायालय गाठू शकते, भोसरीचा सुटे भाग बनवणारा कुठे जाणार?

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये बँकांना बजावलं की काम बाहेर दिलं तरी उत्तरदायित्व बँकेचंच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही तेच तत्त्व लिहिलेलं आहे. डेटा दुसऱ्याच्या यंत्रावर असला तरी सुरक्षेतल्या कसुरीचा दंड तो गोळा करणाऱ्यावर, आणि तो २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियमही आले. विक्रेत्यांनी दशकभर जे झाकलं, ते कायद्याने आता उघड लिहून ठेवलं आहे.

सर्व्हर परत खोलीत आणा, असं माझं म्हणणं नाही. छोट्या उद्योगाला क्लाउडच परवडतो आणि त्याची यंत्रं आमच्या यंत्रांपेक्षा कितीतरी भरवशाची आहेत. माझं म्हणणं एवढंच की तो सांभाळणारा माणूस परत आणा. पगारी ठेवा किंवा दोन-चार कारखान्यांनी मिळून ठेवा, पण त्याचं नाव सगळ्यांना माहीत असू द्या. डेटाची एक प्रत वेगळ्या कंपनीकडे, वेगळ्या लॉगिनखाली ठेवा. मुख्य खात्याला पासवर्डबरोबर ओळखीची दुसरी पडताळणी लावा. आणि या आठवड्यात महिन्याभरापूर्वीची एक फाइल बॅकअपमधून परत मागून पाहा. ती आली नाही, तर तुमच्याकडे बॅकअप नाही असं समजा आणि दुसऱ्याच दिवशी कामाला लागा.