गहाणखत कोणाच्या हाती?

ज्या कुटुंबाची आयुष्यभराची कमाई घराच्या चार भिंतींतच साठलेली असते, त्याला लुबाडण्यास दरोडा घालावा लागत नाही. दारी येऊन गोड बोलणारा दलाल आणि त्याच्या हातातील गहाणखत एवढे पुरेसे होते. अमेरिकेत १९९० नंतरच्या दशकात हे राजरोस चालले होते. जुने कर्ज फेडण्यास नवे कर्ज, त्याचे शुल्क पुन्हा मुद्दलातच, कर्जविम्याचा संपूर्ण हप्ता आरंभीच आकारून तोही मुद्दलात, आणि या फासातून लवकर सुटू पाहील त्याला मुदतीआधी फेड केल्याचा दंड, असा तो क्रम असे; वृद्ध आणि कृष्णवर्णीय घरमालक त्याचे विशेष भक्ष्य ठरले.

अशा महाग कर्जांसाठी संघराज्याचा १९९४ चा कायदा होता; पण तो लागू होण्याच्या मर्यादा इतक्या उंच होत्या की बहुतेक कर्जे त्यांच्या खालून निसटत. म्हणून १९९९ मध्ये उत्तर कॅरोलायना राज्याने स्वतःचा कायदा केला. कर्जदाराचा वाजवी व प्रत्यक्ष लाभ नसता जुन्या कर्जाच्या जागी नवे गळ्यात मारणे, दीड लाख डॉलरपर्यंतच्या पहिल्या गहाणावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावणे आणि विम्याचा एकरकमी हप्ता कर्जात मिळविणे, हे सर्व त्याने निषिद्ध केले. अतिमहाग कर्जापूर्वी सल्लागाराची भेट व ऐपतीची तपासणी अनिवार्य ठरविली.

जॉर्जियाने २००२ मध्ये अधिक खोलवर हात घातला. सावकार खत स्वतःजवळ ठेवीतच नाही. तो ते विकतो, अशी असंख्य खते एकत्र बांधून त्यांचे रोखे होतात, आणि फसलेला कर्जदार दाद मागू लागला की खताचा नवा धनी आपण निर्दोष खरेदीदार असल्याचे सांगून मोकळा होतो. खताबरोबर त्यातील दोषाचे दायित्वही हस्तांतरित होईल, असे जॉर्जियाने ठरविले. अन्यायाचे मूळ नेमके येथेच होते असे मला वाटते. विरोधही येथेच पेटला. जानेवारी २००३ मध्ये स्टँडर्ड अँड पुअर्स या पतमापन संस्थेने त्या कायद्याखालील कर्जांच्या रोख्यांना पतदर्जा देण्याचे नाकारले, आणि मार्चमध्ये विधिमंडळाने ते कलम सौम्य केले.

पुढे जानेवारी २००४ मध्ये संघराज्याच्या बँक-नियंत्रकाने राष्ट्रीय बँकांना अशा राज्यकायद्यांच्या अंमलाबाहेर काढले. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या उपकंपन्यांनाही राज्यांच्या देखरेखीतून मुक्त केले. उपकंपन्यांची ही ढाल २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने काढून घेतली, आणि कर्ज देण्यापूर्वी ऐपत पाहण्याचा दंडक देशभर घातला. तोवर लक्षावधी घरांवर जप्ती येऊन गेली होती.