तोंड-डोळे सतत कोरडे? ‘अँटी-रो’ रिपोर्ट काय सांगतो

अम्मी म्हणतात, डोळ्यांत वाळू खुपते, पाण्याशिवाय भाकरीचा घास उतरत नाही. घरचे म्हणतात, शुगर असेल, नाहीतर वय झालं. शुगर नॉर्मल निघाली तर शोग्रेन आजाराचाही विचार व्हायला हवा. यात आपलीच रोगप्रतिकारशक्ती अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ मध्ये तो सविस्तर मांडला. रुग्णांत बायकाच जास्त.

रक्तात यासाठी ‘अँटी-रो’, म्हणजेच एसएसए ही अँटिबॉडी शोधतात. २०१६ च्या निकषांत तिला ३ गुण आहेत आणि लागतात ४. म्हणजे नुसत्या पॉझिटिव्ह रिपोर्टने शिक्का बसत नाही. ल्युपसमध्येही ती सापडते. पापणीत अडकवलेली कागदी पट्टी ५ मिनिटांत ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमीच भिजली, तर आणखी १ गुण. उलट रिपोर्ट निगेटिव्ह असूनही आजार असू शकतो. मग ओठाच्या आतल्या बारीक ग्रंथी काढून तपासतात.

लग्नाच्या बोलणीत अडचण नको म्हणून मुलीचा असा रिपोर्ट कपाटात ठेवणं मात्र चुकीचं. गरोदरपणात ही अँटिबॉडी वारेतून बाळापर्यंत जाते. बहुतेक बाळं ठणठणीत असतात, पण १०० पैकी एखाद-दोघांच्या हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या मंदावतात. आधीच माहीत असेल तर डॉक्टर साधारण सोळाव्या आठवड्यापासून बाळाच्या हृदयावर सोनोग्राफीने लक्ष ठेवू शकतात.