सध्या काय खेळताय?

आमच्याकडे गौरी-जेवणाच्या दिवशी तीस-पस्तीस पानं सहज होतात. लष्करातल्या काकांच्या जुन्या घरी सगळे जमतात. पुरणपोळी, कटाची आमटी, पंचामृत असं साग्रसंगीत जेवण झालं की पुरुष मंडळी बैठकीत आडवी होतात, बायका आत विडे लावत बसतात आणि मग गप्पांचा फड जमतो. विषय ठरलेले असतात. कोणाचं लग्न ठरलं, कोण कोट्याला कोचिंगला गेलं, कोणाचे गुडघे दुखतात. २०२५ च्या गौरींना मी मुद्दाम वेगळा प्रश्न टाकला, "सध्या कोण काय खेळतंय?"

आधी माझं सांगते. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. दिवसभर कोड लिहिते आणि रात्री मुलगा झोपला की तासभर गेम खेळते. हे सांगताना अजूनही जरा चोरट्यासारखं होतं. भरतकाम करते म्हटलं असतं तर कौतुक झालं असतं. गेम खेळते म्हटलं की समोरचा विचारतो, "या वयात?"

याचं मूळ माझ्या धाकट्या काकांपाशी आहे. आम्ही शाळेत असताना त्यांनीच महाराज बाड्याजवळच्या एका दुकानातून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. पिवळ्या कॅसेटवाला, जपानी निन्टेन्डोची नक्कल असलेला. त्यावर 'सुपर मारिओ' आणि 'कॉन्ट्रा' होते. कॉन्ट्रा सुरू होताना वर-वर, खाली-खाली, डावं-उजवं, डावं-उजवं आणि मग बी-ए असं दाबलं की तीस जीव मिळायचे. ही युक्ती काझुहिसा हाशिमोतो या जपानी प्रोग्रॅमरने स्वतःच्या सोयीसाठी १९८६ मध्ये 'ग्रेडियस' या दुसऱ्याच गेममध्ये घातली होती, हे मला इंजिनिअर झाल्यावर कळलं. तेव्हा ती आम्हाला काकांनी शिकवली आणि त्यांना कोणी, देव जाणे. मी कॉम्प्युटरकडे वळले त्यात त्या पिवळ्या कॅसेटचा वाटा मोठा.

तर माझ्या प्रश्नाला पहिलं उत्तर आईने दिलं. "मी बाई असलं काही खेळत नाही." तिचा फोन उघडून पाहिला तर कॅन्डी क्रशची दोन हजारांच्या पुढची लेव्हल! "तो गेम थोडाच आहे, तो टाइमपास आहे," आईचं स्पष्टीकरण. लॉकडाउनमध्ये तिने आणि तिच्या तिघी बहिणींनी इंदूर, उज्जैन, पुणे आणि ग्वाल्हेर अशा चार गावांतून रोज दुपारी 'लुडो किंग' खेळला होता. तेव्हा त्या महिनोन्‌महिने भेटू शकत नव्हत्या. पण कोणी कोणाची सोंगटी मारली यावरून रोज भांडायच्या, म्हणजे सगळं ठीक आहे एवढं कळायचं.

मग भाचा. अकरावीत आहे, खेळतो बीजीएमआय. हे 'पबजी'चंच भारतातलं रूप. २ सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी आली, २ जुलै २०२१ ला हे नवं रूप आलं, २०२२ च्या जुलैत तेही बंद झालं आणि २०२३ च्या मे महिन्यात परतलं. आता अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे. ताईची तक्रार तीच, जी घरोघरी असते. तो म्हणाला, "मावशी, आमच्या ग्रुपमधले दोघे कोट्याला गेलेत, एकाच्या वडिलांची बदली झाली. रात्री नऊ ते दहा आम्ही चौघं भेटतो. गेम तो बहाना है।" मला आमचा कट्टा आठवला. आम्ही संध्याकाळी फूलबागेत जाऊन बसायचो. त्याचा कट्टा मोबाइलमध्ये आहे, एवढाच फरक. ताईला मी म्हटलं, कधीतरी त्याच्याशेजारी बसून खेळ बघ. ती बसली. "हे तर दर मिनिटाला एकमेकांना अभ्यासाचंच विचारतात," ती नंतर म्हणाली. सगळेच तसे नसतात, हेही खरं.

दादा-वहिनीचं उत्तर अनपेक्षित होतं. ते 'इट टेक्स टू' खेळत होते. हा स्वीडनमधल्या हेझलाइट स्टुडिओचा २०२१ चा गेम, त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये सर्वोत्तम ठरलेला. गोष्ट अशी की घटस्फोटाच्या बेतात असलेले नवरा-बायको मुलीच्या अश्रूंमुळे बाहुल्या होतात आणि एकमेकांच्या मदतीशिवाय एक पाऊलही पुढे जाऊ शकत नाहीत. तो एकट्याला खेळताच येत नाही, दोघंच लागतात. वहिनीने आयुष्यात प्रथमच कंट्रोलर हातात घेतला. "पहिले चार दिवस मी नुसती खड्ड्यात पडत होते," ती म्हणाली, "आणि हा पलीकडे उभा राहून वाट बघत होता. बाजारात चार पावलं पुढे चालणारा माणूस!" दादा लाजला. सगळे हसले.

पुण्याहून आलेल्या आतेबहिणीने 'राजी'चं नाव घेतलं. हा पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला, २०२० मध्ये आलेला गेम. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेल्या राजी नावाच्या मुलीची ही कथा दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून उलगडते. तिची दहा वर्षांची मुलगी तो खेळताना विचारत होती, महिषासुर कोण? त्या निमित्ताने आजीच्या गोष्टींची उजळणी झाली.

माझी पाळी आली तेव्हा मी 'वेनबा' सांगितला. टोरंटोच्या विसाई गेम्सचा २०२३ चा छोटासा गेम, दीड-दोन तासांत संपणारा. यात मारामारी नाही, शर्यत नाही. १९८०च्या दशकात कॅनडात गेलेलं एक तमिळ जोडपं आणि त्यांचा तिथेच जन्मलेला मुलगा, एवढीच पात्रं. आईच्या पाककृतींची वही फाटली आहे, शाई पुसली आहे. उरलेल्या खुणांवरून इडली, पुट्टू, बिर्याणी कशी करायची ते आपण शोधायचं. मुलगा मोठा होतो तसा तमिळपासून दूर जातो. या गेमला २०२४ मध्ये पदार्पणाच्या गेमसाठीचं बाफ्टा पारितोषिक मिळालं.

मी तो संपवला तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि मी रडत होते. कारण कॅनडाला जायची गरजच नाही. आमच्या पिढ्यान्‌पिढ्या ग्वाल्हेरात गेल्या. माझा सात वर्षांचा मुलगा मराठी समजतो, पण मी मराठीत विचारलं की उत्तर हिंदीत येतं. आजीची वही माझ्याकडेही आहे. लिपी देवनागरीच, त्यामुळे तो ती घडाघडा वाचतो आणि मग विचारतो, "मम्मा, 'आधण' मतलब? 'चिमूट' मतलब?" अक्षरं ओळखीची आणि शब्द परके, अशी आमची गंमत.

एवढं होईपर्यंत काका गप्प होते. मीच विचारलं, "काका, तुम्ही? तुम्ही तर आमचे गुरू."

काका म्हणाले, "मी दहा दिवसांपासून काहीच खेळत नाही. सरकारने बंद केलं."

आधी सगळे हसले. मग त्यांचा चेहरा पाहिला.

काका पूर्वीपासून पत्त्यांचे शौकीन. बदाम सात, मेंढीकोट, झब्बू आम्हाला त्यांनीच शिकवलं. दिवाळीत रमीचा डाव बसायचा, पण पैशांनी नाही, चिंचोक्यांनी. चिंचोक्यांचा पत्र्याचा डबा अजून त्यांच्या कपाटात आहे. निवृत्तीनंतर घर रिकामं झालं, खेळणारी मंडळी पांगली आणि फोनवर रमीची जाहिरात आली. सुरुवातीला फुकट बोनस मिळाला, पहिल्या आठवड्यात चारशे रुपये जिंकलेही. मग चौदा महिने चाललं. एकूण एक लाख ऐंशी हजार गेले. त्यासाठी एक एफडी मोडली, आणि ते घरात कोणालाच माहीत नव्हतं. "रमी हा कौशल्याचा खेळ आहे, असं सुप्रीम कोर्टानेच १९६८ मध्ये म्हटलंय," ते हळूच म्हणाले. "मी रोज स्वतःला तेच सांगायचो."

काकू काही बोलली नाही. उठून आत गेली. चहा घेऊन आली, सगळ्यांना दिला, काकांचा कप त्यांच्यासमोर ठेवला आणि त्यांच्याच शेजारी बसली. "उद्या पासबुक माझ्याकडे द्या," एवढंच म्हणाली.

काकांच्या संमतीनेच हे लिहिते आहे. "तुझ्या लेखाने एखादा जरी वाचला तरी चालेल," असं ते म्हणाले.

ज्या कायद्याचा उल्लेख त्यांनी केला तो ऑनलाइन गेमिंगचा २०२५ चा कायदा. २० ऑगस्टला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत मंजूर झाला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ त्याने बंद केले. कौशल्य की नशीब, हा जुना वाद त्याने बाजूलाच ठेवला. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. ई-स्पोर्ट्स आणि निव्वळ करमणुकीचे खेळ यांना उलट प्रोत्साहन आहे. म्हणजे भाच्याचा बीजीएमआय, आईचा लुडो आणि माझा वेनबा यांना धक्का नाही.

माझ्या व्यवसायाच्या नजरेने दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, घरच्या डावात चार माणसं असतात आणि त्यातलं कोणीतरी "चला, झोपा आता" म्हणतं. फोनवरचं टेबल कधीच उठत नाही. रात्री दोन वाजताही तिथे नवा डाव तयार असतो. दुसरी, हातातून नोट गेली की दुखतं, स्क्रीनवरचा आकडा कमी झाला की तेवढं दुखत नाही. या दोन गोष्टी एकत्र आल्या की शहाणा माणूसही फसतो. काका मूर्ख नव्हते, एकटे होते.

मग खेळ कुठे संपतो आणि व्यसन कुठे सुरू होतं? जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या रोग-वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं, गेमिंगच्या विकाराची तीन लक्षणं दिली आहेत. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ महत्त्वाचा होणं आणि नुकसान होत असूनही खेळत राहणं. सर्वसाधारणपणे हे वर्षभर चाललं तर तो विकार मानतात. परीक्षेनंतर चार दिवस खूप खेळलेला मुलगा त्यात बसत नाही. घरी कोणाबद्दल शंका आली तर 'टेली-मानस'च्या १४४१६ क्रमांकावर बोलता येतं. पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर १९३० वर लगेच कळवावं. आणि कायदा आला तरी चोरून चालणाऱ्या साइट संपलेल्या नाहीत, तेव्हा "घरबसल्या जिंका" असा मेसेज आला की आधी घरात दाखवावा.

पण माझ्या मते सगळ्यात सोपा उपाय त्या दिवशी बैठकीत होता. आम्ही मुलांना "किती वेळ खेळतोस?" असं विचारतो, आणि त्याचं उत्तर खोटंच येतं. मोठ्यांना तर काहीच विचारत नाही. "काय खेळतोस, कोणाबरोबर, मलाही दाखव" असं विचारलं की माणूस बोलतो. काकांना हा प्रश्न चौदा महिन्यांत कोणीच विचारला नव्हता. मीसुद्धा नाही, जिला त्यांनी तीस जीवांची युक्ती शिकवली.

आता दर रविवारी दुपारी आम्ही काकांकडे जातो. चिंचोक्यांचा डबा कपाटातून बाहेर आला आहे. काकांनी माझ्या मुलासाठी एक नियम केला आहे, चिंचोके मराठीत मोजले तरच जिंकलेले धरायचे. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चतुर्भुज मंदिरात इसवी सन ८७६ चा शिलालेख आहे, त्यातल्या २७० आणि ५० या आकड्यांमध्ये शून्य कोरलेलं आहे. ते त्याला काकांनीच नेऊन दाखवलं. पण शून्याच्या गावातल्या या मुलाची गाडी अडते ती एकोणचाळीस, एकोणपन्नासपाशी.

गेल्या रविवारी तो मोजत होता. "सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस... आजोबा, उनचास?"

"मग एक चिंचोका माझा," काका म्हणाले.

"नाही नाही! एकोणपन्नास!"

काकांनी चिंचोका परत केला. काकूने हिशेबाच्या वहीत आकडा लिहिला. ती वही, आणि पासबुकही, आता तिच्याकडेच असतं.

तर वाचकहो, तुम्ही सध्या काय खेळताय? आणि तुमच्या घरात हा प्रश्न कोणाला विचारायचा राहिला आहे?