कॅल्शियमचा निरोप

संगमनेर-राहुरीकडे ज्यांच्या गोठ्यात संकरित गायी आहेत, त्यांना दुग्धज्वर सांगावयास नको. व्याल्यावर दोन-तीन दिवसांत भरपूर दुधाची गाय एकाएकी खाली बसते, मान कुशीला टाकते. नावात ज्वर असला तरी कान गार लागतात. डॉक्टर शिरेतून कॅल्शियम सावकाश देतात (घाई केल्यास हृदयच बंद पडावयाचे) आणि पुष्कळदा थोड्याच वेळात गाय उठून उभी राहते. रक्तातले कॅल्शियम दुधावाटे गेलेले असते. ते कमी पडले की मज्जातंतूचा निरोप स्नायूला नीट पोचत नाही.

कॅल्शियम हाडांचे द्रव्य खरे, पण निरोप्याचे कामही त्याचेच. लंडनच्या सिडनी रिंगर यांनी १८८३ साली दाखविले, की नळाच्या पाण्यात केलेल्या द्रावात बेडकाचे हृदय चालत राहते, ऊर्ध्वपातित पाण्याच्या द्रावात थांबते. फरक कॅल्शियमचा होता.

पेशीच्या आत मोकळे कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी राखलेले असते. म्हणून थोडे आत आले तरी लगेच जाणवते. रक्तातली पांढरी पेशी घ्या. परकी वस्तू ओळखताच तिच्या आतल्या कोठारातले कॅल्शियम सुटते. कोठाराच्या पटलातील स्टिम हे प्रथिन कोठार रिते झाल्याचे ओळखते आणि बाहेरच्या पटलातील ओराई या प्रथिनाचे दार उघडावयास लावते. ग्रीक पुराणांत ओराई या स्वर्गद्वाराच्या राखणदारिणी. २००६ साली हे नाव देणाऱ्यांना रसिकता होती म्हणावयाची!

आत आलेले कॅल्शियम कॅल्मोड्युलिनला चिकटते, आणि ही जोडी कॅल्सिन्युरिनला जागे करते. कॅल्सिन्युरिन हे फॉस्फेटेज, म्हणजे प्रथिनांवर बसविलेले फॉस्फेट काढून टाकणारे विकर. एनफॅट या प्रथिनावरचे फॉस्फेट निघाले, की ते केंद्रकात शिरून लढाईस लागणारी जनुके चालू करते. काही कॅल्सिन्युरिन तर पटलाला बांधलेल्या एका प्रथिनाने दारालगतच धरून ठेवलेले असते, त्यामुळे दाराशी झालेली चिमूटभर आवकही पुरते.

मूत्रपिंड बदललेल्या रोग्याच्या गोळ्या इथेच काम करतात. नॉर्वेच्या मातीतील बुरशीपासून मिळालेले सायक्लोस्पोरिन आणि जपानच्या मातीतील जंतूपासून मिळालेले टॅक्रोलिमस, दोन्ही कॅल्सिन्युरिनलाच अडवितात, हे १९९१ साली उमगले. दार उघडते, कॅल्शियम येते, पण पुढचा निरोप जात नाही. म्हणून नवे मूत्रपिंड टिकते. परंतु हे विकर शरीरात इतरत्रही लागते. औषध जास्त झाले तर मूत्रपिंडालाच इजा होते, म्हणून रक्तातले प्रमाण पुनःपुन्हा तपासतात. आणि बरे वाटते म्हणून कोणी आपल्या मनाने गोळी सोडली, तर कॅल्सिन्युरिन मोकळे होते व पांढऱ्या पेशी त्या मूत्रपिंडावर चालून जातात.