सेंटोसाचा संथ किनारा माणसाने घडविलेला

सिंगापूरच्या कौटुंबिक सहलीत सेंटोसा बेटावरील समुद्रकिनारा सहसा चुकत नाही. कोकणातील उसळत्या लाटा पाहिलेल्या मराठी पर्यटकाला येथील तळ्यासारख्या संथ पाण्याचे नवल वाटते. मात्र ही संथता निसर्गाची देणगी नाही.

ब्रिटिशांच्या काळात येथे लष्करी तळ होता आणि बेटाचे नाव होते 'पुलाऊ ब्लाकांग माती'. नंतर त्याला 'सेंटोसा' हे नाव मिळाले. मलय भाषेत त्याचा अर्थ शांतता. पुढे बाहेरून वाळू आणून सिलोसो, पालावान व तानजोंग हे किनारे घडविण्यात आले. किनाऱ्यासमोर लहान कृत्रिम बेटे उभारण्यात आली. लाटा त्यांवर फुटतात, त्यांचा जोर ओसरतो आणि आतील वाळू सहजी वाहून जात नाही.

तथापि, लाट अडली म्हणजे समुद्र अडला असे नव्हे. १४ जून २०२४ रोजी पासिर पांजांग येथे दोन जहाजांची टक्कर होऊन सुमारे ४०० टन तेल सांडले. ते या किनाऱ्यांपर्यंत पोहोचले आणि तेथे पोहण्यास मनाई करावी लागली.

संथ पाण्यामुळे पालकही निर्धास्त होतात. परंतु भरती-ओहोटी येथेही असते आणि बुडणारे मूल बहुधा ओरडू शकत नाही. म्हणूनच पाण्यात उतरण्यापूर्वी सूचनाफलक वाचावा आणि लहान मुलांपासून हातभर अंतरावरच राहावे.