मार्लबरोच्या गादीची डागडुजी

१६ जून १७२२ रोजी मार्लबरोचा पहिला ड्यूक जॉन चर्चिल वारला, तेव्हा इंग्लंडच्या किताबांबरोबर त्याच्या नावावर स्कॉटलंडचाही एक किताब होता. आयमथचा लॉर्ड चर्चिल हा तो किताब त्याला १६८२ मध्ये मिळालेला. त्याचा मुलगा आधीच गेलेला असल्याने तो किताब त्याच्याबरोबरच संपला. मार्लबरोचे ड्यूकपद मात्र थोरली मुलगी हेन्रिएटा हिच्याकडे गेले. माणूस एक, मुली त्याच, तरी एक किताब बुडाला आणि दुसरा तरला. याचे कारण रक्तात शोधून सापडणार नाही; ते डिसेंबर १७०६ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने केलेल्या एका कायद्यात आहे, आणि त्या कायद्याचा अंमल स्कॉटिश किताबावर चालत नव्हता. ब्रिटिश उमरावांची घराणी म्हणजे बापाकडून मुलाकडे अखंड वाहत आलेली परंपरा, असे आपल्याकडेही मानले जाते आणि तिकडेही. १७०२ पासून आजवर मार्लबरोच्या गादीवर बारा जण बसले. त्यांचा इतिहास मागे जाऊन पाहिला तर वेगळेच दिसते. ही गादी नियम पाळून टिकलेली नाही. नियम अडचणीचा झाला की तो वाकवून, आणि वाकवला होता हे विसरून ती टिकली आहे.

सुरुवातीपासूनच या पदाला टेकू लागत होता. १७०२ मध्ये राणी अ‍ॅन गादीवर आली आणि वर्ष संपण्याआधी तिने चर्चिलला ड्यूक केले. त्याची बायको सारा ही राणीची जिवलग. पण ड्यूकपदाला तीच धास्तावली होती, कारण त्या इतमामाला पुरेल एवढी मिळकत घरात नव्हती. राणीने टपाल खात्याच्या उत्पन्नातून वर्षाला ५,००० पौंड देऊ केले. हे वेतन पिढ्यान्‌पिढ्या चालावे ही तिची विनंती कॉमन्स सभेने त्या वेळी मानली नाही. पुढच्याच फेब्रुवारीत केंब्रिजला शिकणारा एकुलता मुलगा देवीच्या साथीत गेला. उरल्या चार मुली, म्हणजे त्या काळच्या हिशेबाने वारस कोणीच नाही. चर्चिल सामान्य सरदार असता तर गोष्ट इथेच संपली असती. पण १३ ऑगस्ट १७०४ रोजी त्याने डॅन्यूबकाठी ब्लेनिमला फ्रेंच आणि बव्हेरियन फौजांचा धुव्वा उडवला. पाठोपाठ वुडस्टॉकची राजमालकीची जहागीर मिळाली आणि तिच्यावर सरकारी पैशाने त्याच लढाईच्या नावाचा ब्लेनिम राजवाडा उभा राहू लागला. मे १७०६ मध्ये रामिलीची लढाई जिंकल्यावर तर पार्लमेंटला काही नाकारणे अवघड झाले. त्याच हिवाळ्यात वारसाहक्काचा कायदा झाला. किताब आधी मुलींना, वडीलकीच्या क्रमाने, आणि प्रत्येकीच्या पुरुष वंशाला; तोही खुंटला तर पुढच्या फांद्यांना. पद कधीच लोप पावू नये हा हेतू कायद्यातच नोंदवलेला आहे. वार्षिक वेतनही कायमचे झाले. चार वर्षांपूर्वी जे नियमाविरुद्ध होते तेच आता न्याय्य ठरले; मध्ये बदलले होते ते फक्त रणांगणावरचे निकाल.

मुलींसाठी हे दार किती उघडले ते मात्र नीट पाहिले पाहिजे. हेन्रिएटा १७२२ ते १७३३ अशी अकरा वर्षे स्वतःच्या हक्काने डचेस होती. तिचा मुलगा तिच्याआधी, १७३१ मध्ये, निपुत्रिक वारला. तिला एक मुलगी होती, मेरी. पण कायद्याच्या क्रमात थोरल्या मुलीच्या मुलीआधी धाकट्या मुलीचा मुलगा येत होता. त्यामुळे ड्यूकपद हेन्रिएटाची दिवंगत बहीण अ‍ॅन हिच्या मुलाकडे, चार्ल्स स्पेन्सरकडे गेले. घरात पुरुष नव्हता तेवढ्यापुरती बाई चालली. पुरुष सापडताच दार मिटले. त्यानंतर या गादीवर स्वतःच्या हक्काने एकही स्त्री आलेली नाही. सगळ्या चर्चिल मंडळींत हिशेब आणि व्यवहार सर्वांत चोख कळत होता तो साराला, हे लक्षात घेतले की या कलमाचा कोतेपणा अधिकच खुपतो. नवऱ्यामागे ती बावीस वर्षे जगली. सरकारने १७१२ मध्ये पैसा रोखल्यावर अर्धवट राहिलेला राजवाडा तिनेच तडीस नेला, आणि वास्तुकार व्हॅनब्रूशी एवढी भांडली की शेवटी त्याला आवाराचे फाटक बंद झाले.

चार्ल्स स्पेन्सर तिसरा ड्यूक झाला तेव्हा तो आधीच संडरलंडचा अर्ल होता. आता एकाच माणसाकडे दोन गाद्या आल्या. घरगुती समझोत्याने स्पेन्सरांचे ऑल्थॉर्प धाकट्या भावाला, जॉनला, मिळाले. पुढे त्याच्याच वंशात स्पेन्सर अर्ल झाले आणि दोन शतकांनी राजकुमारी डायना जन्मली. साराचा जीवही याच धाकट्या नातवावर होता. १७४४ मध्ये ती गेली तेव्हा तिची स्वतःची प्रचंड मिळकत त्यालाच मिळाली. अट एवढीच की त्याने राजाकडून हुद्दा किंवा वेतन घ्यायचे नाही. राजकृपेवर जिचे सगळे घर उभे राहिले तिने ही अट घालावी, यात तिचे शहाणपणही दिसते आणि खुनशीपणाही. म्हणजे मार्लबरो हे नाव एका नातवाला आणि मार्लबरोंच्या पैशाचा मोठा वाटा दुसऱ्याला. आणि चर्चिल हे आडनाव? ते कोणाकडेच नाही. १७३३ पासून मार्लबरोचे ड्यूक स्पेन्सर म्हणूनच ओळखले जात होते. पाचव्या ड्यूकने १८१७ मध्ये राजाज्ञा मिळवून स्पेन्सर-चर्चिल असे जोडनाव घेतले. वॉटर्लूला दोन वर्षे झाली होती आणि वेलिंग्टनच्या रूपाने नव्या सेनापती-ड्यूकचा डंका वाजत होता. अशा वेळी जुन्या विजेत्याची आठवण नावात असणे गैरसोयीचे नव्हते. आज जे आडनाव या घराण्याचा गाभा वाटते, ते मधली चौऱ्याऐंशी वर्षे या गादीवर नव्हतेच.

रक्त आणि नाव यांनंतर तिसरा खांब मिळकतीचा. पिढीजात मिळकत बांधून ठेवण्याची इंग्रजी पद्धत अशी, की गादीवरचा माणूस हयातीपुरता उपभोग घेतो. मूळ मालमत्ता पुढच्यासाठी राखलेली, तिला हात लावायचा नाही. कागदावर हे भक्कम होते. पण पाचव्या ड्यूकच्या उधळपट्टीने ते पोखरायला सुरुवात केली. बोकाचिओच्या एका दुर्मीळ छापील प्रतीसाठी त्याने १८१२ मध्ये २,२६० पौंड मोजले आणि सात वर्षांनी ग्रंथसंग्रह लिलावात काढावा लागला तेव्हा तीच प्रत निम्म्याहूनही कमी किमतीला गेली. सातव्या ड्यूकने १८७५ मध्ये घराण्याचा कोरीव रत्नांचा संग्रह ३५,००० गिनींना विकला. मग १८८० मध्ये खास ब्लेनिमच्या मिळकतीसाठी पार्लमेंटकडून कायदा करवून घेतला आणि बांधील मालमत्तेची गाठ सोडवली. त्याच्या जोरावर संडरलंड ग्रंथसंग्रह विकून सुमारे ५६ हजार पौंड आले. त्याच्या मुलाने, आठव्या ड्यूकने, १८८५ मध्ये राफाएलचे मॅडोनाचे चित्र ७०,००० पौंडांना आणि व्हॅन डाइकचे पहिल्या चार्ल्सचे अश्वारूढ चित्र १७,५०० पौंडांना नॅशनल गॅलरीला दिले. राणी अ‍ॅनच्या काळचे कायमचे वेतनही १८८४ मध्ये एकरकमी पैसे घेऊन संपवण्यात आले. १७०६ मध्ये पार्लमेंटने गादी वाचवली ती वारस शोधून, १८८० मध्ये वाचवली ती वारशाची विक्री मान्य करून.

विकण्याजोगे फारसे उरले नाही तेव्हा स्वतः किताबच बाजारात आला. नोव्हेंबर १८९५ मध्ये नववा ड्यूक आणि न्यूयॉर्कच्या रेल्वेसम्राटाची मुलगी कॉन्सुएलो व्हँडरबिल्ट यांचे लग्न झाले. करारात बीच क्रीक रेल्वेचे २५ लाख डॉलरचे भाग आणि त्यांवर चार टक्क्यांची हमी होती. मुलीचे मन दुसरीकडे होते आणि आईने तिला या लग्नाला भाग पाडले. १९०६ मध्ये दोघे वेगळे झाले, १९२१ मध्ये घटस्फोट झाला, आणि १९२६ मध्ये सक्तीच्या कारणावरून धर्मपीठाने ते लग्नच रद्दबातल ठरवले. तोवर तिच्या माहेरच्या पैशाने ब्लेनिमची छपरे आणि बागा सावरल्या होत्या. तिच्याकडून दुसरी अपेक्षा होती मुलाची. नवऱ्याचा चुलतभाऊ ड्यूक होऊ नये यासाठी तिला मूल व्हायलाच हवे, असे नवऱ्याच्या आजीने पहिल्याच भेटीत बजावल्याचे कॉन्सुएलोने आठवणींत लिहिले आहे. हा चुलतभाऊ म्हणजे विन्स्टन चर्चिल. वडील रँडॉल्फ जानेवारी १८९५ मध्ये वारल्यापासून, सप्टेंबर १८९७ मध्ये कॉन्सुएलोला मुलगा होईपर्यंत, गादीचा पुढचा वारस तोच होता. १८९६ मध्ये मुंबईच्या ससून डॉकच्या पायऱ्यांवर उतरताना ज्या तरुण लष्करी अधिकाऱ्याचा खांदा निखळला, तो त्या क्षणी मार्लबरोच्या गादीचा पुढचा वारस होता. तो ड्यूक झाला असता तर लॉर्ड्स सभेत अडकलेल्या त्या माणसाला १९४० मध्ये पंतप्रधान होणे फार अवघड गेले असते. घराण्याचे नाव ज्याने सर्वांत मोठे केले त्याला गादी मिळाली नाही, हे घराण्याच्या आणि ब्रिटनच्या पथ्यावरच पडले.

ही गादी नियम वाकवून टिकली, या म्हणण्यावर पहिला आक्षेप सरळ आहे. प्रत्येक ड्यूक पहिल्या ड्यूकच्या रक्ताचाच आहे, मग रक्ताचा वारसा खोटा कसा? तो खोटा नाही, अपुरा आहे. पहिल्या ड्यूकचे रक्त त्याच्या मुलींच्या द्वारे कितीतरी घरांत गेले. ऑल्थॉर्पच्या स्पेन्सरांतही तेवढेच आहे. या सगळ्यांतून एकाला निवडणारी गोष्ट रक्त नव्हे, कलम आहे. दुसरा आक्षेप असा की १७०६ चा कायदा हा एका असामान्य सेनापतीसाठी केलेला अपवाद होता. पण असे अपवाद पुढेही होत राहिले. बोअर युद्धात एकुलता मुलगा गमावलेल्या लॉर्ड रॉबर्ट्सचे अर्लपद १९१४ मध्ये मुलीकडे गेले, अविवाहित किचनरचे १९१६ मध्ये थोरल्या भावाकडे, आणि शेवटचे व्हाइसरॉय माउंटबॅटन यांचे १९७९ मध्ये मुलीकडे. या तिघांचीही कारकीर्द हिंदुस्थानात गाजली. चौथ्या नावाशिवाय मराठी वाचकाला हा विषय पुरा वाटणार नाही. दत्तक नामंजूर करून १८४८ मध्ये सातारा आणि १८५४ मध्ये नागपूर खालसा करणाऱ्या लॉर्ड डलहौसीला दोन मुलीच होत्या. १८६० मध्ये तो वारला तेव्हा १८४९ मध्ये मिळालेले त्याचे मार्क्विसपद वारसाअभावी बुडाले. जुने अर्लपद चुलतभावाकडे गेले. याला नियतीचा न्याय म्हणण्याचा मोह होतो, पण त्यात नियती कुठे नाही. वारस कोण हे राज्यकर्ता ठरवतो, एवढेच दोन्हीकडे दिसते. ज्याचा उपयोग आहे त्याच्यासाठी इंग्रज कायदेमंडळ मुलीलाही वारस करत होते. ज्याचे राज्य हवे होते त्याचा शास्त्रोक्त दत्तकही त्याच देशाचे अधिकारी नाकारत होते.

तिसरा आक्षेप वजनदार आहे. सगळे एकट्या थोरल्या मुलाला देण्याच्या रीतीमुळेच जमिनीचे तुकडे झाले नाहीत, आणि उद्यानरचनाकार कॅपेबिलिटी ब्राउनने १७६४ पासून घडवलेले ब्लेनिमचे तळे आणि उद्यान आज जसेच्या तसे दिसते, असे तिचे समर्थक म्हणतात. हे बऱ्याच अंशी खरे आहे. भाऊबंदकीच्या वाटपात ते उद्यान टिकले नसते. पण आतला ग्रंथसंग्रह, रत्ने आणि चित्रे या रीतीने वाचली नाहीत, आणि विसाव्या शतकात वास्तू वाचली ती दहाव्या ड्यूकने १९५० मध्ये तिकीट लावून दारे उघडल्याने. पुढे तर एकट्या वारसावर विसंबणेच धोक्याचे ठरले. थोरल्या मुलाच्या हाती मिळकत सुरक्षित राहील का याविषयी अकराव्या ड्यूकला आणि विश्वस्तांना शंका होती. १९९४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना मिळकतीची मांडणी बदलायला परवानगी दिली. २०१४ मध्ये किताब मुलाकडे गेला, कारण तो कोणालाच अडवता येत नाही. मिळकतीचा कारभार विश्वस्तांकडे राहिला. पद आणि मालमत्ता यांची ही फारकत साराच्या मृत्युपत्रानंतर अडीचशे वर्षांनी पुन्हा झाली.

पदाचे राजकीय वजनही या काळात गेले. १९५८ पासून हयातीपुरती उमरावपदे सुरू झाली आणि १९९९ मध्ये ९२ जण वगळता वंशपरंपरागत उमरावांचे लॉर्ड्स सभेतले आसन गेले. २०१३ मध्ये राजघराण्याच्या वारसाक्रमात मुलगा-मुलगी भेद रद्द झाला. त्याच सुमारास उमरावकीसाठी तसाच बदल सुचवणारे विधेयक मात्र पुढे सरकले नाही. जुन्या सनदांच्या अटींत पार्लमेंटने ढवळाढवळ करू नये हा विरोधकांचा मुद्दा मार्लबरोंच्या बाबतीत तरी टिकत नाही, कारण इथे वारसाक्रमच पार्लमेंटने नव्याने लिहिलेला आहे. तसा बदल आधीच झाला असता तर या गादीचा क्रमही वेगळा झाला असता: दहाव्या ड्यूकची पहिली दोन अपत्ये मुलीच होती, लेडी सारा १९२१ ची आणि लेडी कॅरोलाइन १९२३ ची. मुलगा जॉन १९२६ मध्ये जन्मला आणि १९७२ मध्ये अकरावा ड्यूक झाला.